मिठाची टेकडी पावसात विरघळत का नाही?

प्रश्न : माझा मुलगा ओमानमध्ये तेलक्षेत्रावर अभियंता आहे. सुट्टीच्या दिवशी सहकाऱ्यांबरोबर तो वाळवंटातील एका टेकडीवर गेला होता आणि तेथून त्याने मुठीएवढा मिठाचा खडा आणला. ती टेकडी ‘सॉल्ट डोम’ आहे आणि आतून मिठाचीच आहे, असे तो सांगतो. खाराघोड्याच्या बाजूला आम्ही मिठाचे मोठमोठे ढीग पाहिले आहेत, पण ते माणसांनी रचलेले असतात. वाळवंटात मिठाची टेकडी कोणी रचली, आणि ती आजवर विरघळून कशी गेली नाही? (एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : आपल्या मुलाने आणलेला खडा जपून ठेवावा, आणि जमल्यास खंडेराव मार्केटमधून उपवासाच्या शेंदेलोणाचा एक अख्खा खडा आणून त्याच्याशेजारी ठेवावा. हे दोन्ही खडे एकमेकांचे भाऊबंद आहेत. आपल्याकडे विकले जाणारे गुलाबी शेंदेलोण 2025 पर्यंत मुख्यतः पाकिस्तानी पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतून, खेवड्याच्या खाणीतून येत असे. ते मीठ, ओमानच्या पोटातले मीठ, इराणमधले होर्मुझ मीठ आणि राजस्थानात बिकानेर-नागौर भागात जमिनीत खोल छिद्रे घेताना सापडलेले मीठ, ही सर्व साधारणपणे एकाच कालखंडातली म्हणजे सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासची आहेत. त्या काळी जमिनीवर ना झाड होते ना प्राणी. उथळ समुद्राचे तुटलेले तुकडे उन्हात आटत होते आणि त्यांच्या तळाशी मीठ बसत होते.

हे मीठ बसण्याची रीत खाराघोड्याच्या आगरात आजही डोळ्यांनी पाहता येते. थंडीच्या अखेरीस मी विद्यार्थ्यांना घेऊन छोट्या रणात गेलो असताना एका अगरियाने आम्हाला आपल्या आगराच्या काठावर बसवले होते. जमिनीखालून उपसलेले खारे पाणी महिनोन्‌महिने एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवून शेवटच्या वाफ्यात आणलेले होते आणि लाकडी दाताळ्याने तळ हलवला की खालचे खडे एकमेकांवर घासून कुरकुर वाजत होते. त्याने त्यातला एक खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. बोराएवढा तो चौकोनी खडा होता आणि त्याच्या प्रत्येक अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरत गेलेला खळगा होता, कारण मिठाचा स्फटिक कडांना भराभर वाढतो आणि मध्ये मागे पडतो. प्राचीन समुद्रांच्या तळाशीही असेच स्फटिक बसले. फरक इतकाच की तेथे एक हंगाम नव्हता, तर हजारो हंगाम एकावर एक रचले गेले.

येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. एक किलोमीटर खोल समुद्र जागच्या जागी पूर्ण आटला, तर त्याच्या तळाशी मिठाचा जो थर उरेल त्याची जाडी जेमतेम 12 ते 13 मीटर भरते. आणि आखाती प्रदेशाखालचे मिठाचे थर शेकडो मीटर जाडीचे आहेत. पाचशे मीटर मीठ जमण्यासाठी सुमारे 40 किलोमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आटावा लागेल. इतका खोल समुद्र पृथ्वीवर कधीच नव्हता, म्हणजे तो एकदाच आटलेला नाही. अर्धवट बंद झालेल्या खाडीसारख्या खोलगट भागात बाहेरून समुद्राचे पाणी पुन्हा पुन्हा येत राहिले, ऊन ते पीत राहिले आणि तळ स्वतःच्या भाराने खचत गेल्यामुळे नव्या मिठाला जागा होत राहिली. मीठ बसण्याच्या आधी जिप्समसारखे कमी विरघळणारे क्षार बसतात, म्हणून मिठाच्या थरांबरोबर जिप्सम जवळपास नेहमीच सापडतो, आणि त्याचे काम पुढे येणार आहे.

नंतर या मिठावर वाळू, चिखल आणि चुन्याचे थर साचले. काही ठिकाणी त्यांची जाडी कित्येक किलोमीटर झाली. मिठाचा स्वभाव इतर खडकांपेक्षा दोन बाबतींत वेगळा आहे. चिखल आणि वाळू दाबली गेली की त्यांतील पाणी निघून जाते, कण जवळ येतात आणि खडक जड होतो. मीठ मात्र बसते तेव्हाच जवळपास घट्ट असते, त्यामुळे खोल गाडले गेले तरी त्याची घनता पाण्याच्या साधारण 2.2 पटच राहते. परिणामी साधारण एक ते दीड किलोमीटर खोलीखाली भोवतालचा खडक मिठापेक्षा जड होतो. दुसरी गोष्ट अशी की मीठ दीर्घकाळ दाबाखाली राहिले तर तुटत नाही, वाहते. हातातला खडा हातोडीने फोडला तर ठिकऱ्या उडतात, पण लाखो वर्षांच्या दाबाला तोच खडा घट्ट काकवीसारखा वागतो. जमिनीच्या पोटातील उष्णतेने तो आणखी मऊ होतो आणि स्फटिकांच्या फटींत अडकलेला ओलाव्याचा पातळ पापुद्रा त्याला मदत करतो, कारण जेथे दाब जास्त तेथे मीठ थोडे विरघळते आणि जेथे दाब कमी तेथे पुन्हा बसते. अशा रीतीने मिठाचा थर जागोजाग फुगतो, वरच्या खडकाला भेदून खांबासारखा चढतो आणि काही ठिकाणी जमिनीवर डोके काढतो. खांबाच्या माथ्याला जो फुगीर आकार येतो त्यावरून ‘डोम’ म्हणजे ‘घुमट’ हा शब्द आला. खडकाला भेदून वर आलेल्या अशा राशीला भूशास्त्रात ‘डायापिर’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लुडोविक म्राझेक या रुमानियन भूवैज्ञानिकाने, ‘आरपार टोचणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून, तो शब्द रूढ केला.

आता पावसाचा प्रश्न. तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मिठाच्या टेकडीची उंची ही मीठ किती वर येते आणि पाऊस किती नेतो यांतील तफावत असते. एक लिटर पाण्यात सुमारे 360 ग्रॅम मीठ विरघळते आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वडोदऱ्यात वर्षाला सुमारे 900 मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर आपल्या मांडवीच्या चौकात मिठाची टेकडी असती तर दर चौरस मीटरमागे वर्षाला सव्वातीनशे किलो मीठ, म्हणजे साधारण 15 सेंटिमीटर जाडीचा थर, वाहून जाऊ शकला असता. मिठाचे घुमट वर येतात ते वर्षाला काही मिलिमीटर या गतीने, आपल्या बोटांच्या नखांपेक्षाही पुष्कळ हळू. म्हणजे येथे टेकडी उभी राहणे शक्यच नाही. उलट मृत समुद्राच्या काठावरील सदोम पर्वत पाहावा. तो जवळजवळ सर्व मिठाचाच आहे, पण तेथे वर्षाला जेमतेम 50 मिलिमीटर पाऊस पडतो. त्या पावसाचा प्रत्येक थेंब मिठाने पूर्ण भरून गेला तरी वर्षाला आठ मिलिमीटरांच्या आसपासच मीठ जाईल. प्रत्यक्षात पुष्कळसे पाणी अर्धेमुर्धे खारट होऊनच उतारावरून निघून जाते, आणि खाली मीठ तर वर येतच असते. म्हणून पर्वत टिकला.

शिवाय मीठ स्वतःच स्वतःवर पांघरूण घेते. वरचे मीठ विरघळले की त्यात मिसळलेले जिप्सम, माती आणि खडकांचे तुकडे मागे उरतात आणि त्यांची टोपी माथ्यावर जमते. ही टोपी जितकी जाड, तितके खालचे मीठ सुरक्षित. आपल्या मुलाने टेकडीवर मिठापेक्षा तांबूस माती, राखाडी जिप्सम आणि काळपट दगडच अधिक पाहिले असतील आणि मीठ त्याला एखाद्या घळीत किंवा जुन्या खोदकामाच्या भिंतीवर मिळाले असेल असा माझा अंदाज आहे. ओमानच्या अंतर्भागात सहा ठिकाणी मिठाचे घुमट पृष्ठभागापर्यंत आलेले आहेत आणि त्यांपैकी करात किब्रीत येथून स्थानिक लोक मीठ काढत असत. अरबीत किब्रीत म्हणजे गंधक. जिप्समच्या जातीच्या क्षारांमध्ये खोलवर सूक्ष्मजीवांच्या क्रियेने गंधक तयार होतो, आणि मिठाच्या टेकडीला गंधकाचे नाव मिळाल्याचे नवल त्यामुळे वाटत नाही.

टेकड्यांवरचे काळे दगडही नीट पाहण्यासारखे असतात. मीठ वर येताना वाटेतल्या आणि आपल्याबरोबर गाडल्या गेलेल्या खडकांचे लहानमोठे तुकडे उचलून आणते. ज्या खडकापर्यंत पोहोचायला कित्येक किलोमीटर खोल छिद्र घ्यावे लागले असते, तो खडक टेकडीवर पायाशी पडलेला सापडतो. त्याने पुढच्या खेपेस मिठाबरोबर असा एखादा दगडही उचलून आणावा असे मी सुचवीन, आणि कोठे सापडला ते चिठ्ठीवर लिहून ठेवावे.

मिठाने वाळवंटाची जमीन किती बदलते हे पाहायचे तर इराणला पर्याय नाही. झाग्रोस पर्वताच्या दक्षिण भागात शंभराहून अधिक मिठाचे घुमट आहेत. अरबस्तानचा भूपट्ट आशियाच्या भूपट्टावर रेटला जात असल्यामुळे तेथील थरांना घड्या पडल्या आणि खालचे होर्मुझ मीठ फटींतून वर आले. बुशेहर प्रांतातील दश्ती भागात कुह-ए-नमक, म्हणजे मिठाचा डोंगर, भोवतालच्या मैदानापासून हजार मीटरांहून अधिक उंच उभा आहे. त्याच्या माथ्यावर आलेले मीठ स्वतःच्या भाराने दोन्ही उतारांवरून हिमनदीसारखे खाली वाहते, आणि हिमनदीप्रमाणेच त्यात घड्या, भेगा आणि पुढे सरकणारी तोंडे असतात. फारसी ‘नमक’ शब्दावरूनच अशा प्रवाहाला ‘नमकिये’ हे नाव पडले आहे. टॅलबट आणि रॉजर्स या संशोधकांनी या मीठनदीवर खुणा रोवून तिची चाल मोजली आणि 1980 साली प्रसिद्ध केली. उन्हाळ्यात ती जवळपास निपचित असते. पाऊस पडून मीठ ओले झाले की मात्र ती एका दिवसात अर्ध्या मीटरपर्यंत सरकते आणि वाळताना थोडी मागे आखडते. जो पाऊस मिठाला विरघळवून संपवतो, तोच त्याला चालायला लावतो.

या घुमटांच्या भोवतालची जमीन दुरूनही ओळखता येते. मिठाने वर रेटलेले वालुकाश्माचे आणि चुनखडकाचे थर घुमटाच्या कडेला उभे होतात आणि कठीण थर झिजायला नकार देत असल्यामुळे परातीच्या काठासारखी टेकड्यांची गोल माळ तयार होते. मीठ ज्या भागातून निघून घुमटात गेले तो भाग खचतो, आणि घुमटाभोवती गाळाने भरलेला खोलगट पट्टा पडतो. घुमटावरून ओहोळ चारी दिशांना उतरतात. त्यांचे पाणी इतके खारे असते की ओढ्याचे पात्र पांढरे पडते आणि पुढच्या मैदानात त्याच्या काठाने शेती होत नाही. आत शिरलेले पाणी मीठ पोखरून गुहा करते. चुनखडकात गुहा होण्यास लाखो वर्षे लागतात, मिठात काही हजार वर्षे पुरतात. होर्मुझच्या सामुद्रधुनीत केश्म बेटावर नमकदान घुमटातली गुहा सहा किलोमीटरांहून लांब आहे आणि जगातील सर्वांत लांब मिठाची गुहा म्हणून तिचे नाव होते. सदोम पर्वतातील मल्हाम गुहेची मोजणी 2019 साली 10 किलोमीटरांपर्यंत गेली, तेव्हा तो मान तिच्याकडे गेला. शेजारचे होर्मुझ बेट म्हणजे संपूर्णच एक मिठाचा घुमट आहे, आणि तेथील लोखंडी गंजाची लाल माती स्थानिक लोक खाण्यातही वापरतात.

इराणच्या मध्यभागी, दश्त-ए-कवीर या मोठ्या वाळवंटात, सुमारे पन्नास घुमट याहून वेगळ्या रूपात आढळतात. तेथील मीठ होर्मुझच्या मानाने पुष्कळ तरुण आहे आणि झिजेने घुमटांचे माथे तासून जमीनदोस्त केले आहेत. खाली उभे राहिले तर फक्त सपाट, खडबडीत, खारट मैदान दिसते. उपग्रहाच्या छायाचित्रात मात्र आडव्या चिरलेल्या कांद्यासारखी वर्तुळात वर्तुळे, एकमेकांत शिरलेली रंगीत वळणे, मैलोन्‌मैल पसरलेली दिसतात. मीठ वर येताना कसे गुंडाळले गेले, त्याचा तो आडवा छेदच होय.

प्रश्न : मी भूशास्त्राची विद्यार्थिनी आहे. पाठ्यपुस्तकात ‘मीठ हलके असल्यामुळे वर येते’ एवढेच लिहिले आहे. पण लाकडाचा ओंडका ओल्या चिखलाखाली गाडला तर तो काही आपोआप वर येत नाही. मग मीठ कित्येक किलोमीटर खडक कसा फोडते? (एक वाचक, फतेगंज, वडोदरा)

उत्तर : आपली शंका अगदी योग्य आहे, आणि भूवैज्ञानिकांना तिचे समाधानकारक उत्तर मिळायला पुष्कळ वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या मधल्या काळात मीठ आणि वरचा खडक हे दोन्ही घट्ट द्रव आहेत असे मानून गणित केले जात असे. बाटलीत गोडे तेल आणि पाणी भरून ती झटकन उलटी केली, तर खाली गेलेले तेल सपाट थराने वर येत नाही. त्याला जागोजाग गाठी येतात आणि त्या गाठी बोटांसारख्या वर चढतात. घुमट एकमेकांपासून ठरावीक अंतरावर का असतात, हे या चित्रातून समजते, म्हणून ते लोकप्रिय झाले. त्यातील उणीव आपण नेमकी हेरली आहे. वरचा खडक द्रव नाही, त्याला ताकद आहे. मीठ आणि खडक यांच्या घनतेतील फरक थोडा, आणि त्यातून मिळणारा जोर जाड, घट्ट झालेले खडकाचे छत फोडायला पुरत नाही.

यासाठी मला पुरणपोळीचे उदाहरण सर्वांत जवळचे वाटते. पोळी लाटताना एका बाजूला लाटणे जास्त दाबले गेले की पुरण दुसऱ्या बाजूला पळते, आणि पारी जेथे पातळ राहिली असेल नेमकी तेथून बाहेर येते. पुरण हलके आहे म्हणून ते बाहेर येत नाही. ते मऊ आहे, वरचा दाब असमान आहे आणि पारी एका ठिकाणी कमजोर आहे, ही तीन कारणे त्याला पुरतात. मिठाचेही तसेच आहे. नदी एका बाजूने गाळ आणून ओतते आणि दुसरी बाजू उघडी राहते, तेव्हा मीठ भाराखालून निसटून कमी भाराकडे जाते. जमीन ताणली जाऊन तिला भेगा पडल्या तर छत पातळ होते आणि मीठ त्या भेगेत शिरते. भूपट्टांच्या रेट्याने थर दुमडले तर आधीच असलेला घुमट चिमटीत धरलेल्या नळीसारखा पिळून निघतो आणि मीठ वर उसळते. झाग्रोसमधील पुष्कळ घुमट असे जोरात आले आहेत. ताणाचे महत्त्व 1992 साली ब्रूनो वांदेव्हिल आणि मार्टिन जॅक्सन यांनी ठळकपणे मांडले. त्यांच्या प्रयोगांत मिठाच्या जागी चिकट सिलिकोन आणि खडकाच्या जागी कोरडी वाळू होती. वाळूला खडकासारखी तुटण्याची ताकद असते, म्हणून तिच्यावरचे निष्कर्ष दोन द्रवांच्या गणितापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरले.

आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांच्या आकृतीत सुटते, आणि तिच्याकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. आकृतीत प्रथम सगळे थर साचलेले आणि नंतर मीठ त्यांना भोसकून वर आलेले दाखवतात. प्रत्यक्षात कित्येक घुमट सुरुवातीपासूनच पृष्ठभागाजवळ असतात. भोवती गाळ साचत जातो, तळ खचत जातो आणि घुमटाचा माथा तेवढाच वर राहत जातो. भिंत बांधताना खांबही बरोबरच वाढवत नेला, तर पुढे भिंत फोडून खांब घालावा लागत नाही. अशा घुमटाने कित्येक किलोमीटर खडक फोडलेलाच नसतो. तो खडक त्याच्या भोवती साचलेला असतो. घुमटाजवळ येताना थर पातळ होत गेलेले आढळले, तर हीच गोष्ट घडली असे समजावे. क्षेत्रभेटीत असा छेद कधी पाहायला मिळाला तर थरांची जाडी घुमटापासून वेगवेगळ्या अंतरांवर अवश्य मोजावी.

मीठ वर न येताही भूरूप घडवते, त्याचे उदाहरण अमेरिकेतील युटा राज्यात आहे. तेथे सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे मीठ लांबट भिंतींच्या रूपाने वर चढले आणि त्यावरचे वालुकाश्माचे थर वाकले. पुढे झीज झाली, भूजल मिठाच्या माथ्यापर्यंत पोहोचले, मीठ विरघळून गेले आणि वरचे छत कोसळून लांबच लांब दरी तयार झाली. दरीच्या दोन्ही काठांवर वाकलेल्या वालुकाश्माला समांतर चिरा पडल्या होत्या. त्या रुंदावत जाऊन दगडाच्या उभ्या, पातळ भिंती उरल्या आणि त्या भिंतींना आरपार छिद्रे पडून कमानी झाल्या. आर्चेस राष्ट्रीय उद्यानात अशा दोन हजारांहून अधिक कमानी आहेत. त्या तांबड्या दगडात मिठाचा कणही दिसत नाही, तरी त्या प्रदेशाचा आराखडा मिठाने आखून दिलेला आहे.

प्रश्न : रण पाहून परतताना आम्ही काळ्या डुंगरावर गेलो होतो. खाली पांढरे मीठ आणि मध्येच उठलेला डोंगर पाहून आमच्यात वाद झाला. काळा डुंगर हा मिठाचा घुमट आहे का? (एक सेवानिवृत्त शिक्षक, कारेलीबाग, वडोदरा)

उत्तर : नाही. सुमारे 460 मीटर उंचीचा काळा डुंगर हे कच्छमधले सर्वांत उंच ठिकाण आहे आणि तो ज्युरासिक काळात समुद्रात साचलेल्या वालुकाश्माचा, शेलचा आणि चुनखडकाचा बनलेला आहे. कच्छची जमीन पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मोठ्या भेगांवर तुकड्यातुकड्यांनी वर-खाली झालेली आहे आणि पच्छम, खडीर, बेला ही रणातील ‘बेटे’ म्हणजे त्यांतील उचललेले तुकडे आहेत. धोळावीरा याच खडीरवर आहे. जमीन उचलली जाण्याचे ते काम थांबलेले नाही, हे 1819 च्या भूकंपात रणात उठलेल्या अल्लाबंधावरून आणि 2001 च्या भूकंपावरून आपण जाणतोच.

आणि रणातले मीठ हे पापुद्र्याचे मीठ आहे. पावसाळ्यात समुद्राचे पाणी आणि नद्यांचे पाणी त्या सपाटीवर पसरते, हिवाळ्यात आटते आणि मागे पांढरी साय उरते. पुढच्या पावसात ती विरघळते आणि पुन्हा बसते. घुमट होण्यासाठी मिठाचा जाड थर खोल गाडला जावा लागतो आणि त्यावर असमान भार पडावा लागतो. रणातल्या सायीला ती वेळ आलेली नाही.

भारतात जाड, गाडलेले मीठ नाही असे मात्र समजू नये. राजस्थानातील मिठाचा उल्लेख वर आलाच आहे, आणि हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यातील द्रंग व गुम्मा येथे खनिज मिठाच्या खाणी आहेत. खेवड्याची खाण जिच्यात आहे ती पाकिस्तानी पंजाबातील मिठाची डोंगररांगही घुमटांची नाही. तेथे हिमालयाच्या रेट्याने वरचे सगळे थर मिठाच्या थरावरून, तेलावरून घसरावे तसे, दक्षिणेकडे सरकले आणि त्यांची पुढची कड वर उचलली गेली. मिठाने तेथे वंगणाचे काम केले.

गोल आकार पाहून घुमट म्हणण्याची चूक भूवैज्ञानिकांकडूनही झाली आहे. युटातच अपहीव्हल डोम नावाची सुमारे पाच किलोमीटर रुंदीची गोल रचना आहे. ती मिठामुळे झाली असे दीर्घकाळ अनेकांचे मत होते. 2008 साली तेथील गारगोटीच्या कणांत प्रचंड आघातानेच उमटतात अशा खुणा आढळल्या आणि ते उल्काघाताचे विवर असल्याचा पक्ष बळकट झाला. आपल्या लोणारच्या सरोवराला एके काळी ज्वालामुखीचे विवर मानत असत, आणि तेथेही असाच निकाल खडकातील आघाताच्या खुणांनी लावला. आकाराने शंका येते, खात्री मात्र खडक हातात घेतल्यावरच होते.

प्रश्न : मिठाच्या घुमटाजवळ तेल का सापडते? आपल्या अंकलेश्वरच्या तेलाचाही मिठाशी संबंध आहे का? (एक वाचक, गोरवा, वडोदरा)

उत्तर : मिठातून तेल किंवा वायू झिरपू शकत नाही. घुमटाने उभ्या केलेल्या थरांतून वर सरकणारे तेल मिठाच्या भिंतीला अडते आणि तेथे साठते. टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे 10 जानेवारी 1901 रोजी तेलाचा प्रचंड फवारा उडाला, तो अशाच एका घुमटावर. दमट हवेच्या त्या प्रदेशात घुमटाची खूण म्हणजे भोवतालपेक्षा फार तर चार-पाच मीटर उंच असलेला एक उंचवटा एवढीच होती. अंकलेश्वरचे तेल 1960 साली सापडले, पण खंभातच्या खोऱ्यातील तेल अडून राहिले आहे ते वाकलेल्या थरांमुळे आणि भेगांमुळे; तेथे मिठाचे घुमट नाहीत.

पहिल्या पत्रलेखकांनी मिठाचा खडा पावसाळ्यात कसा टिकवावा, असेही विचारले आहे. हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन पाझरू लागते, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती बहुतेक दिवस त्याहून अधिक असते. खडा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, कोरड्या तांदळाच्या थरावर ठेवावा आणि बरणी ओल्या हाताने उघडू नये. तरीही बरणीच्या तळाशी पाणी साचलेच, तर ते फेकून न देता पसरट बशीत ओतून पंख्यापासून दूर, उन्हाच्या खिडकीत ठेवावे. आठवड्याभरात बशीत बारीक चौकोनी स्फटिक धरतील, आणि भिंगाखाली पाहिल्यास त्यांच्या अंगावर तेच पायऱ्यापायऱ्यांचे खळगे दिसण्याचा संभव आहे.